‘घरीच आहेस ना?’ : कोकणात घरी राहून गणितात बी.एस्सी. करताना

गणिताचा अभ्यास लांबून बघणाऱ्याला अभ्यास वाटतच नाही, इथून घरी राहणाऱ्याची अडचण सुरू होते. केमिस्ट्रीवाला जर्नल लिहीत असतो, इतिहासवाली मोठ्याने वाचत असते. गणितवाली मात्र एका पानाकडे बघत बसलेली असते. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा आजी माडीवर चहा घेऊन आली नि म्हणाली, “गो बाय, दोन तास झाले, त्याच पानार आसस. झोप इली तर झोप थोडी.” मी झोपले नव्हते. पानावर पाच ओळींचं प्रूफ होतं आणि तिसऱ्या ओळीतला ‘म्हणून’ मला पटत नव्हता. आता हे आजीला कसं सांगायचं?

आमचं घर देवगड तालुक्यातल्या एका वाडीत, कॉलेज एसटीने सव्वा तासावर. तिन्ही वर्षं जाऊन-येऊन केली. आता अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि दर जूनमध्ये एखादी मुलगी किंवा तिचा बाप विचारायला येतो: खोली न घेता, घरी राहून गणित जमेल का? जमतं. घरी जेवण मिळतं, खर्च वाचतो, वेळही भरपूर मिळतो. फक्त तो सगळा तुकड्यातुकड्यांनी मिळतो, आणि गणिताला सलग वेळ लागतो. त्या तुकड्यांचं काय करायचं, ते क्रमाने सांगते.

प्रवेशाआधीच्या चौकश्या

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतात. त्यामुळे स्वायत्त कॉलेजं सोडली तर अभ्यासक्रम सगळीकडे तोच. कॉलेज निवडताना नावापेक्षा पुढच्या गोष्टी बघा.

तिसऱ्या वर्षाला गणित मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून खरोखर चालतं का? प्रॉस्पेक्टसमध्ये असतं, पण तिसऱ्या वर्षाला मुलं पुरेशी नसली की वर्ग सुरूच होत नाही. ऑफिसच्या खिडकीवर न विचारता गणित विभागात जाऊन विचारा, की गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती जण होते. शक्य झालं तर त्यांच्यापैकी एकाला गाठून बोला.

प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं आणि तुमच्या गावची शेवटची गाडी किती वाजता? ही दोन उत्तरं एकमेकांशी जुळली पाहिजेत. माझ्या पहिल्या सत्रात ती जुळत नव्हती. शेवटची वीस मिनिटं बुडवून मी स्टँडकडे पळायचे आणि महिनाभर हे कोणाला बोलले नव्हते. शेवटी धीर करून सरांना सांगितलं, तर त्यांनी माझी बॅच बदलून दिली. पाच मिनिटांचं काम होतं.

ग्रंथालयातून घरी किती पुस्तकं मिळतात आणि सुट्टीत मिळतात का? शहरातला मुलगा संध्याकाळी परत जाऊन ग्रंथालयात बसू शकतो, तुम्हाला ते जमणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणातलं क्रेडिटचं गणितही आधीच समजून घ्या. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. दोन क्रेडिटचा पेपर ३० तासांत संपतो. रिअल ॲनालिसिससारखा विषय ३० तासांत ऐकून होतो, कळून होत नाही. शिक्षक कितीही चांगले असले तरी खरा अभ्यास घरीच होणार. म्हणून घराची व्यवस्था लावणं हा अभ्यासाचाच भाग धरा.

आठवड्याचा हिशेब कागदावर

पहिल्या आठवड्यात एक वही घेऊन सोमवार ते शनिवार कुठले तास कशात गेले ते नुसतं लिहा. सुधारायला जाऊ नका. मी केलं तेव्हा एक आकडा बघून दचकले. एसटीत रोज जाऊन-येऊन अडीच तास, म्हणजे सहा दिवसांचे १५ तास. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर २२५ तास. पंधरा क्रेडिटच्या थिअरीला वर्गात लागतात तेवढेच तास मी खिडकीबाहेर बघण्यात घालवत होते!

दुसरी गोष्ट दिसली ती अशी, की घरी मी रोज चार-साडेचार तास ‘अभ्यासाला’ बसायचे, पण त्यात सलग असा सर्वांत मोठा तुकडा पस्तीस मिनिटांचा होता. मध्येच नारळ सोलायचा, पाहुण्यांना पाणी द्यायचं, भावाला गणित दाखवायचं. कोणी वाईट वागत नव्हतं. ‘घरीच आहेस ना?’ एवढं एक वाक्य पुरायचं.

घरच्यांशी बोलणी

‘मला डिस्टर्ब करू नका’ हे कोकणातल्या घरात चालत नाही. त्यातून फक्त रुसवेफुगवे होतात. सौदा चालतो. आईला मी सांगितलं, की पहाटे साडेचार ते सहा आणि रात्री आठ ते साडेनऊ मला हाक मारायची नाही. त्याबदल्यात सकाळचं पाणी आणि संध्याकाळची भांडी माझी, न सांगता होतील. आईने दोन दिवसांत कबूल केलं, कारण तिला त्यात फायदा दिसला. तुमची वेळ वेगळी असेल. कोळ्यांच्या घरात पहाटेची गडबड असते, तिथे दुपार बरी. वेळ कुठलीही घ्या, पण दोनच तुकडे मागा आणि ते रोज तेच ठेवा. दिवसभराचं मौन मागितलंत तर एक तासही मिळणार नाही.

घरच्यांना एकदा तुमचं काम दाखवाही. मी बाबांना एक प्रूफ मराठीत सांगितलं. त्यांना सगळं कळलं नाही, पण ‘एवढ्याशा लिखाणाला दोन दिवस लागू शकतात’ हे कळलं. त्यानंतर पानाकडे बघत बसल्याबद्दल कोणी काही म्हटलं नाही.

जागेबद्दल थोडक्यात. माडी असेल तर माडी, नाहीतर पडवीचा कोपरा. ओटीवर बसू नका, येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारपूस करतो. अंथरुणात तर नकोच. भिंतीवर एक फळा मात्र हवा. सुताराकडून प्लायचा तुकडा आणून त्याला काळा रंग दिला तरी चालतो. फळ्यापुढे उभं राहून लिहिणारा माणूस घरातल्यांना ‘कामात’ दिसतो, हा फायदा मला नंतर कळला.

काम दोन ढिगांत वाटा

रोज रात्री उद्याचं काम दोन ढिगांत लिहायचं. पहिला ढीग बसून करायच्या कामांचा: नवीन प्रूफ वाचणं, न सुटलेलं उदाहरण, लांबलचक मांडणी. याला सलग तास-दीड तास लागतो, आणि तो फक्त त्या दोन राखीव तुकड्यांतच करायचा. दुसरा ढीग चालता-बोलता करायच्या कामांचा: व्याख्या पाठ आहे का बघणं, तिचा नकार (ती लागू होत नाही म्हणजे नेमकं काय) तयार करणं, उदाहरण-प्रतिउदाहरण शोधणं, काल वाचलेल्या प्रूफचा सांगाडा आठवणं. हा ढीग एसटीत, विहिरीवर, काजू सोलताना, कुठेही होतो.

घरी राहणाऱ्या मुलांचं बिघडतं ते इथे. राखीव वेळेत ते सोपी गणितं उतरवून काढतात, कारण वही भरल्याचं समाधान मिळतं; अवघड प्रूफ मात्र ‘जरा निवांत वेळ मिळाला की’ म्हणून बाजूला ठेवतात. तो निवांत वेळ कोकणातल्या घरात परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत येत नाही.

प्रूफ वाचायचं कसं

बारावीपर्यंत गणित म्हणजे रीत आणि सराव. बी.एस्सी.ला अचानक ‘सिद्ध करा’ सुरू होतं, आणि हुशार मुलंसुद्धा प्रूफ पाठ करायला लागतात. पाठ केलेलं प्रूफ परीक्षेत एक ओळ विसरली की सगळंच जातं. आजी चहा घेऊन आली तेव्हा समोर होतं तेच प्रूफ घेऊन मी माझी पद्धत दाखवते. विधान असं: प्रत्येक कन्व्हर्जंट सिक्वेन्स बाउंडेड असतो. (सिक्वेन्स म्हणजे संख्यांची न संपणारी रांग.)

आधी पुस्तकातलं प्रूफ कागदाने झाका आणि विधानातला एकेक शब्द आपल्या भाषेत बोला. मला हे गडग्यांवरून कळलं. समजा पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंती, आहेत आणि वाटेच्या बरोबर मधोमध आपली लिमिट आहे, म्हणजे सिक्वेन्स जिच्याकडे जातो ती संख्या. सिक्वेन्सची पदं म्हणजे एकामागून एक येणारी गुरं. सुरुवातीची काही कुठेही भरकटतील, पण अमुक क्रमांकानंतरचं एकही गुरू गडग्याबाहेर दिसणार नाही. आणि गडगे कितीही जवळ आणले तरी हेच खरं. फार तर तो ‘अमुक क्रमांक’ पुढे सरकेल. हे झालं कन्व्हर्जंट. बाउंडेड म्हणजे एकच मोठं कुंपण, ज्यात सगळी गुरं मावतात, भरकटलेली धरून.

मग दोन-तीन उदाहरणं घ्या. १, १/२, १/३, १/४ असा जाणारा सिक्वेन्स ० कडे जातो आणि ० ते १ मध्ये मावतो. १, २, ३, ४ मावतही नाही आणि कुठे जातही नाही. १, −१, १, −१ मावतो, पण एका जागी जात नाही. हा तिसरा खिशात ठेवा, पुढे लागेल.

आता स्वतः प्रयत्न करा, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. नाही जमलं तरी हरकत नाही, पण ही पंधरा मिनिटं चुकवायची नाहीत. मोठं कुंपण कसं घालणार? अमुक क्रमांकानंतरची गुरं तर गडग्यांच्या आतच आहेत, त्यांची चिंता मिटली. राहिली आधीची भरकटलेली. ती किती? मोजकी. मग त्यांतलं सर्वांत लांब गेलेलं शोधा आणि कुंपण त्याच्याही पलीकडे घाला. झालं.

हे सुचल्यावर, किंवा पंधरा मिनिटं संपल्यावर, कागद एकेक ओळ खाली सरकवा. पुस्तक म्हणतं: एप्सिलॉन, म्हणजे लिमिटपासून गडग्याचं अंतर, १ घ्या. का १? तुम्हीच उत्तर द्या: कुठलाही एक गडगा पुरतो, १ लिहायला सोपा. पुढची ओळ: अमुक क्रमांकानंतरच्या प्रत्येक पदाची किंमत, चिन्ह सोडून, लिमिटच्या किमतीपेक्षा १ ने जास्त होऊ शकत नाही. हे त्रिकोण असमानतेवरून येतं (बेरजेची किंमत, चिन्ह सोडून, दोघांच्या किमतींच्या बेरजेपेक्षा जास्त नसते), ते समासात लिहा. मग: आधीच्या पदांतलं सर्वांत मोठं घ्या, म्हणून कुंपण मिळालं.

माझा अडलेला ‘म्हणून’ तो हाच. ‘सर्वांत मोठं घ्या’ म्हणजे काय, ते असेलच कशावरून? १/२, २/३, ३/४, ४/५ या यादीत सर्वांत मोठं पद आहे का? नाही, प्रत्येकाच्या पुढे त्याहून मोठं आहेच. संध्याकाळी गोठ्यात शेण काढताना लक्षात आलं, की आपली भरकटलेली गुरं मोजकीच आहेत, आणि मोजक्या संख्यांमध्ये सर्वांत मोठी असतेच. सगळं प्रूफ त्या ‘मोजकी’ या एका शब्दावर उभं आहे. पुस्तकात तो छापलेलाही नव्हता.

त्यानंतर विधान उलटं करून बघायचं. बाउंडेड असेल तर कन्व्हर्जंट असतो का? खिशातला १, −१, १, −१ काढा. नाही. संपलं. आणि दुसऱ्या दिवशी पाठकोऱ्या कागदावर, काही न बघता, सगळं पुन्हा लिहा. अडलात तर जिथे अडलात तेवढंच बघा.

असं एक प्रूफ व्हायला सुरुवातीला तास-दीड तास लागतो. आठवड्याला चार झाली तरी पुरे. ग्रुप, रिंग, व्हेक्टर स्पेस या विषयांना हीच रीत चालते, फक्त तिथे गडगे-गुरं उपयोगी पडत नाहीत. प्रत्येक व्याख्येला तीन उदाहरणं आणि एक ‘जवळपास बसतं पण बसत नाही’ असं उदाहरण शोधा. कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशनला हात बसवावा लागतो, तिथे सराव करायलाच हवा. पण तो सगळ्यांना येतोच, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

एसटीतलं गणित

हलत्या गाडीत वही उघडू नका. घाटाच्या वळणांवर मळमळतं आणि अक्षर नंतर स्वतःलाच लागत नाही. पत्त्यांच्या आकाराची पुठ्ठ्याची कार्डं करा. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला व्याख्या. जाताना पाच कार्डं. नाव बघायचं, व्याख्या मनात म्हणायची, मग तिचा नकार म्हणायचा. ‘सिक्वेन्स अमुक लिमिटकडे जात नाही’ म्हणजे नेमकं काय? म्हणजे असा एक तरी गडगा आहे, की कुठल्याही क्रमांकानंतर एखादं गुरू त्याच्या बाहेर सापडतंच. ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ यांची अदलाबदल इथे जिभेवर बसली, की परीक्षेत निम्मी प्रूफं सोपी जातात.

येताना डोकं दमलेलं असतं, तेव्हा खेळायला काहीतरी हवं. डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. त्यांनी शोधलेला खेळ मी गाड्यांच्या नंबरांवर खेळायचे. चार आकडी नंबर घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. ४०९३ घेतला तर ९४३० − ०३४९ = ९०८१. पुन्हा: ९८१० − ०१८९ = ९६२१. पुन्हा: ९६२१ − १२६९ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ६१७४ वर पोचलं की तिथून हलत नाही. कुठलाही नंबर घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येतो.

नुसता खेळ झाला तर करमणूक. ‘का?’ विचारलं की गणित सुरू. चार आकड्यांचं ‘का’ गाडीत अवघड आहे, तीन आकड्यांचं होतं. आकडे मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क माना. मोठी संख्या १००अ + १०ब + क, लहान १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की मधला ब उडूनच जातो आणि उरतं ९९(अ − क). अ − क तर १ ते ९ मधलंच काहीतरी. म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त नऊच संख्या शक्य: ०९९, १९८, २९७ असं करत ८९१ पर्यंत. त्या नऊ तपासा: ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, ६९३, ५९४, आणि मग ४९५, बाकीच्या याच रांगेत कुठे ना कुठे येऊन मिळतात. ४९५ वरून पुन्हा ४९५. हे पूर्ण प्रूफ आहे, कागद न लागता. मला ते कासार्डे ते नांदगावच्या मध्ये सुचलं होतं आणि गाडीत सांगायला कोणी नव्हतं याचं भारी वाईट वाटलं.

(कापरेकरांना फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं होतं. ते परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले. ‘गणित घेऊन काय होणार?’ असं विचारणारे मुंबईचे काका गणपतीत आले, की त्यांना मी हे ऐकवायचे. ते म्हणायचे, “ते सगळं खरं, पण इंजिनीअरिंग का नाही केलंस?”)

पासाबद्दल: विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एसटी ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच भरावा लागतो. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटावर ५० टक्के सवलत आहे, म्हणून काही मुली पास काढतच नाहीत. रोज जाणार असाल तर पासच स्वस्त पडतो. गाडी रद्द होण्याचे, संपाचे दिवस धरून एखादा ओळखीचा दुचाकीवाला हाताशी ठेवा. कोकण रेल्वेच्या पॅसेंजरने जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बहुतेक मार्ग एकेरी असल्यामुळे क्रॉसिंगला गाडी किती वेळ उभी राहील याचा नेम नाही. पावसाळी वेळापत्रकात वेळाही बदलतात. मात्र उभ्या गाडीत वही उघडता येते.

पाऊस, लाइट, रेंज

आमच्याकडे सत्र सुरू होतं आणि पाऊसही. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की व्हिडिओ लेक्चर ऐकू येत नाही, लाइट जाते, रेंज तर सड्यावर गेल्याशिवाय मिळत नाही. एनपीटीईएलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) लेक्चरं फुकट आहेत आणि चांगली आहेत, पण ती कॉलेजच्या वाय-फायवर आधीच उतरवून घ्या. दर शनिवारी पुढच्या आठवड्यापुरती. नोट्सच्या पीडीएफचंही तेच. खरं सांगायचं तर पावसाळ्यात गणितवाल्यांसारखं सुखी कोणी नाही. कागद, पेन आणि चार्जिंगचा दिवा एवढ्यावर काम चालतं.

दमट हवेत वह्या मऊ पडतात, जेल पेनची शाई फुटते, बॉलपेन वापरा. ग्रंथालयाची पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. एका पुस्तकाला बुरशी धरली आणि मला ते भरून द्यावं लागलं. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पासाएवढी होती.

बोलायला माणूस

वसतिगृहातल्या मुलाला रात्री अकराला शेजारच्या खोलीत जाऊन ‘हे बघ ना’ म्हणता येतं. घरी ते नाही, आणि घरी राहण्याचा खरा तोटा मला हाच वाटतो. यावर तीन उपाय मी केले.

एक, आठवड्यातून एक दुपार शेवटच्या गाडीपर्यंत कॉलेजात थांबायचं आणि वर्गातल्या दोघी-तिघींबरोबर रिकाम्या वर्गात फळ्यावर लिहायचं. एकीने सिद्ध करायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे होत नाही, तिथे उत्तरांचे फोटो फिरतात.

दोन, शिक्षकांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. ‘सर, हे कळलं नाही’ म्हटलं की सर पुन्हा सगळं फळ्यावर लिहून देतात आणि तुम्ही होतात तिथेच राहता. ‘सर, इथपर्यंत आले, ही ओळ पुढे जात नाही’ असा अर्धा कागद घेऊन जा. पाच मिनिटांत काम होतं आणि पुढच्या वेळी तुमच्यासाठी दहा मिनिटं मिळतात.

तीन, शिकवणी. वाडीतल्या नववी-दहावीच्या मुलांची एक बॅच, दिवसाला एक तास. पैसे सुटतात आणि भूमितीतली प्रूफं शिकवताना आपलीच विचार करायची पद्धत सुधारते. दुसरी बॅच घेऊ नका. मी दुसऱ्या वर्षी तीन घेतल्या होत्या, त्या सत्रात लिनिअर अल्जेब्रात कशीबशी निघाले.

वर्षाचं पंचांग

विद्यापीठाचं कॅलेंडर आणि घरचं कॅलेंडर शेजारी-शेजारी भिंतीवर लावा. जून-जुलैत लावणी. चिखलातून आल्यावर पाठ दुखते, तेव्हा त्या दिवसांत नवीन प्रूफाचा हट्ट नको, कार्डं फिरवा. भाद्रपदात गणपती. घरात चाकरमानी, माडीवर अंथरुणं, रोजच्या दोन आरत्या. पाच ते अकरा दिवस अभ्यास शून्य धरा आणि त्याआधीच्या पंधरवड्यात तेवढं काम पुढे ओढून ठेवा. शून्य धरला की मन मोकळं होऊन मोदक खाता येतात. अर्धवट अभ्यासाने दोन्हीकडे चिडचिड होते. दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा.

दुसरं सत्र जास्त अवघड. शिमगा मार्चात, पालखी दारात, आणि त्याच सुमारास आंबा उतरायला लागतो. आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर पेट्या भरायचं काम चालायचं. बाबांनी परीक्षेच्या महिन्यात मला पेट्यांवर नंबर टाकण्यापुरतंच ठेवलं. हे मी जानेवारीतच मागून घेतलं होतं. हंगाम सुरू झाल्यावर मागितलं असतं तर मिळालं नसतं, आणि मागायला मला तोंडही राहिलं नसतं.

घराबाहेरचं गणित

घरी राहून गणिताचं जग कॉलेजएवढंच वाटू लागतं. त्यावर उतारा म्हणजे माधव गणित स्पर्धा. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि जुने पेपर मिळतात. क्रमांक येवो न येवो, ते पेपर वर्षभर पुरतात. उन्हाळ्यात एमटीटीएस हे निवडक विद्यार्थ्यांचं गणित शिबिर होतं, १९९३ पासून. निवड झाली तर काही आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त गणित आणि आजूबाजूला तेच करणारी मुलं. घरून ‘आंब्याच्या दिवसात कुठे जातेस?’ असं होईल. तरी जा.

एम.एस्सी.चा विचार तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करा. तीन वर्षांची पदवी घेतली तर पुढे एम.एस्सी. दोन वर्षांची, चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर एक वर्षाची. घर सोडता येणार नसेल तर मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्रातूनही एम.एस्सी. गणित करता येतं. सोडता येणार असेल तर आयआयटी जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्या. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापतात ते फक्त एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांत. ज्यांत अनेक पर्याय बरोबर असू शकतात किंवा संख्या लिहायची असते, त्यांत कापत नाहीत. रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा आणि ग्रुप थिअरी पक्की असेल तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग झालाच. उरतो मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन.

परीक्षा फेब्रुवारीत असते, पण अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावा लागतो, म्हणजे आपल्याकडे गणपती-नवरात्राच्या धामधुमीत. तेव्हा बाजारातलं सायबर कॅफे बंद, नेट चालत नाही, आणि जातीचा दाखला कपाटात कुठे आहे ते फक्त बाबांना माहीत. फोटो, सही आणि दाखले श्रावणातच स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.